इंजिन बांधताना : कुठे तेल, कुठे मलम, कुठे काहीच नाही

मोटारीच्या इंजिनाच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ कोणता असे कोणी विचारले, तर तुम्ही काय सांगाल? भरधाव वेगाचा? घाटातल्या चढाचा? वैशाखातल्या उन्हाचा? इंजिनाच्या कामात हात काळे केलेला कोणताही मिस्त्री वेगळेच उत्तर देईल. नव्याने बांधलेले इंजिन प्रथम सुरू होते, त्यानंतरचे पहिले मिनिट!

हे उत्तर मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या घरी वडिलांची १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी आहे. मुंबईत कुर्ल्याला १९६४ पासून आधी फियाट या नावाने आणि पुढे पद्मिनी या नावाने निघालेली ही गाडी तुमच्यापैकी अनेकांनी निदान जुन्या चित्रपटांत पाहिली असेल. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. इंजिन अगदी साधे आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिमी., दट्ट्याची धाव ७५ मिमी. (एकूण आकारमान किती घन सेंटिमीटर होते, ते तुम्हीच काढा. १०८९ आले पाहिजे.) हे इंजिन मला एकदा नव्हे, तीनदा बांधावे लागले. पहिल्या दोन वेळा जे बिघडले ते केवळ वंगणामुळे बिघडले, आणि दोन्ही वेळा भौतिकशास्त्र शिकवणारा मी तेथे हजर होतो.

पहिल्या खेपेची हकीगत थोडक्यात सांगतो. कोल्हापुरातल्या एका मिस्त्रींच्या मदतीने आम्ही भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, नव्या बेअरिंगांत बसवला. बेअरिंगांना स्वच्छ इंजिन तेल लावले. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करायचे असते तर एवढे पुरे होते. पण त्याच आठवड्यात वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि अर्धवट बांधलेले इंजिन प्लॅस्टिकच्या कागदाखाली पाच महिने पडून राहिले. वडील घरी आले, हिंडूफिरू लागले, तेव्हा त्यांच्या समाधानासाठी आम्ही घाईने उरलेले काम उरकले आणि किल्ली फिरवली. इंजिन लागले. पण तेलाचा लाल दिवा काही विझेना. तीस-चाळीस सेकंदांनी आतून टकटक ऐकू येऊ लागली आणि मिस्त्री ओरडले, "सर, बंद करा! बंद करा!" उघडून पाहिले तर बेअरिंगांच्या गुळगुळीत पृष्ठभागांवर नखाला लागतील अशा रेघा पडल्या होत्या.

चाळीस सेकंदांत असे काय घडले? ते समजण्यासाठी आपल्याला सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

टॉवर यांचे बूच

१८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या डब्यांच्या आसांवर प्रयोग करीत होते. फिरणाऱ्या आसाचा खालचा भाग तेलात बुडवलेला आणि त्याच्या वर, भार वाहणारे अर्धगोल बेअरिंग, अशी मांडणी होती. वरून तेल सोडता यावे म्हणून टॉवर यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. यंत्र सुरू केले, तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून उलट वर येऊन सांडू लागले! त्यांनी भोकात बूच मारले. बूच बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. शेवटी त्यांनी तेथे दाबमापक बसवला. त्यावर चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंतच्या खुणा होत्या. काटा त्याही पलीकडे गेला. आणि गंमत अशी की आसावरचा भार बेअरिंगच्या क्षेत्रफळाने भागला तर सरासरी दाब फक्त १०० पौंड येत होता.

हा जादा दाब आला कोठून? तेथे पंप नव्हता. याचा उलगडा ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ साली केला. (प्रवाहांच्या अभ्यासात ज्यांच्या नावाचा अंक तुम्ही शिकता, तेच हे रेनल्ड्झ.) आस बेअरिंगात अगदी मध्यभागी कधीच नसतो, भारामुळे तो किंचित एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे दोहोंमधली फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद होते. तिचा आकार पाचरीसारखा असतो. फिरणारा आस आपल्या अंगाला चिकटलेले तेल ओढत या पाचरीच्या अरुंद टोकाकडे नेतो. तेलाला तेथे जायला जागा पुरत नाही. मग त्याचा दाब वाढतो आणि तो दाबच आसाला उचलून धरतो. म्हणजे आस स्वतःच पंप असतो. चालू इंजिनात भुजादंड आणि बेअरिंग या धातूंचा एकमेकांना स्पर्शच होत नाही. दोघांमध्ये काही सहस्रांश मिलिमीटर जाडीची तेलाची गादी असते.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. ही गादी तयार होण्यासाठी गती हवी, आणि गतीबरोबर तेलही हवे. किल्ली फिरवण्याच्या क्षणी गती शून्य असते. तेल तळाच्या टाकीत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबरात असते. तेथून ते पंपात, पंपातून गाळणीत, गाळणीतून ठोकळ्यातल्या बारीक वाटांनी बेअरिंगापर्यंत पोचायचे असते. रोजच्या वापरातल्या इंजिनात या वाटा भरलेल्या असतात. नव्या बांधलेल्या इंजिनात त्या कोरड्या ठणठणीत असतात, गाळणीही रिकामी असते. तोवर बेअरिंगाने काय करायचे? बांधताना आपण हाताने जे लावले असेल, त्यावर निभावायचे. म्हणूनच या वंगणाला इंजिन बांधणीचे वंगण असे वेगळे नाव आहे. त्याची नोकरी एक-दोन मिनिटांची असते, पण त्या नोकरीत रजा नसते.

तेल का पळून जाते?

पाच महिन्यांत आमच्या बेअरिंगांतले तेल गेले कोठे? भुजादंडाच्या वजनाने ते दाबले जाऊन हळूहळू बाहेर पडले. दोन पृष्ठभागांत दाबलेला द्रव बाहेर पडायला किती वेळ लागतो, याचे गणित योझेफ श्टेफान यांनी १८७४ मध्येच मांडले होते. त्यातून निघणारी एक गोष्ट मोठी मौजेची आहे. थर निम्मा व्हायला समजा एक तास लागला, तर उरलेला थर पुन्हा निम्मा व्हायला चार तास लागतात, त्यानंतर सोळा. थर जितका पातळ, तितका तो हटवादी. आणि हा सगळा वेळ द्रवाच्या श्यानतेच्या प्रमाणात वाढतो. श्यानता दसपट, तर वेळ दसपट.

तेव्हा निवड कशी करायची ते आपोआप ठरते. इंजिन आज बांधून उद्या सुरू करायचे असेल, तर बेअरिंगांना साधे इंजिन तेल चालते. आठवडे-महिने थांबावे लागणार असेल, तर तेलापेक्षा पुष्कळ घट्ट, तार सुटेल असे चिकट वंगण हवे. बाजारात अशी वंगणे बहुधा लाल रंगाची आणि मधासारखी दाट मिळतात. मात्र ती इंजिन तेलात पूर्ण विरघळणारी असली पाहिजेत. काम संपल्यावर त्यांनी निमूटपणे तेलात मिसळून जावे.

येथेच एका सर्रास होणाऱ्या चुकीबद्दल सांगायला हवे. "घट्ट वंगणच हवे ना? मग चाकाच्या बेअरिंगांना लावतो ते ग्रीस लावा!" असे पुष्कळांना वाटते. ग्रीस म्हणजे तेलच, पण साबणाच्या जाळ्यात धरून ठेवलेले. हा साबण अंगाला लावायचा नव्हे, बहुधा लिथियमचा. स्पंजात पाणी राहावे तसे त्या जाळ्यात तेल राहते. हे जाळे इंजिन तेलात सहज विरघळत नाही. गोळ्यागोळ्यांनी सुटून गाळणीत किंवा तेलाच्या अरुंद वाटेत जाऊन बसण्याचा धोका असतो. जुन्या रोव्हर कंपनीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात तेलाचा पंप चेंबरातल्या तेलाच्या पातळीपेक्षा बराच वर असतो. कोरडा पंप खालून तेल ओढू शकत नाही, म्हणून बांधताना त्याच्या दंतचक्रांभोवती पेट्रोलियम जेली, म्हणजे आपले साधे व्हॅसलीन, ठासून भरतात. त्या इंजिनाच्या माहितीपुस्तकात दुसरे कोणतेही ग्रीस वापरू नये अशी ताकीद आहे. कारण तुम्हीच पाहू शकता. दोन वाट्यांत थोडे थोडे मोटारीचे तेल घ्या आणि त्या कढत पाण्याच्या परातीत ठेवा. (तेल थेट गॅसवर तापवू नका.) एकीत वाटाण्याएवढे व्हॅसलीन आणि दुसरीत तेवढेच ग्रीस टाका. दहा मिनिटांनी काडीने हलवून पाहा. व्हॅसलीनचा मागमूसही राहणार नाही. ग्रीसचा गोळा मात्र तसाच असेल.

उतरणीवरचा एक प्रयोग

घर्षण आणि श्यानता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे वर्गात सांगून पटत नाही. सूक्ष्मदर्शकाची एक काचपट्टी आणि खिडकीच्या काचेचा हातभर तुकडा घ्या. तुकड्याच्या कडा घासलेल्या असू द्या. मोठी काच आडवी ठेवून तिच्यावर काचपट्टी कोरडी ठेवा, वर एक रुपयाचे नाणे ठेवा आणि काचेचे एक टोक सावकाश उचला. बराच वेळ काहीच होत नाही, मग एका विशिष्ट कोनाला पट्टी एकदम घसरते. त्या कोनाचा टॅन म्हणजे स्थितिक घर्षणाचा गुणांक.

आता दोन्ही काचा पुसून मध्ये एरंडेलाचे तीन-चार थेंब पसरा आणि पुन्हा तेच करा. दहा अंशांचा उतार पुरे. पट्टीकडे नीट पाहिलेत तर ती सेकंदाला जेमतेम एखादा मिलिमीटर या गोगलगाईच्या चालीने सरकताना दिसेल. कोन निम्मा केलात तरी ती थांबत नाही, फक्त अधिक हळू सरकते. द्रवाच्या अखंड थराला स्थितिक घर्षण नसतेच! सुटण्यासाठी अमुक एवढे बल लावलेच पाहिजे, अशी त्याची अट नसते. मात्र वेग वाढवाल तसा त्याचा विरोध वाढतो. थोड्या वेळाने पट्टीखालचे तेल पातळ होत जाईल आणि ती आणखी मंदावेल. श्टेफान यांचे गणित तुमच्या डोळ्यांसमोर चाललेले असेल.

कॅमची तक्रार निराळी

बेअरिंगांना तेलाची गादी मिळते, कारण भार बऱ्यापैकी मोठ्या क्षेत्रफळावर पसरलेला असतो. झडपा उघडणाऱ्या कॅमचे तसे नाही. कॅमचा गोलसर उंचवटा टॅपेटच्या सपाट तळव्याला एका रेषेवरच टेकतो. झडपेच्या स्प्रिंगचा सगळा जोर त्या रेषेवर एकवटतो, आणि दाब चौरस सेंटिमीटरला काही हजार किलोग्रॅम भारापर्यंत चढतो. शिवाय पद्मिनीसारख्या जुन्या रचनेच्या इंजिनांत कॅमच्या या उंचवट्यांना पंपाचे तेल थेट मिळत नाही. भुजादंड फिरताना जे शिंतोडे उडवतो, त्यांवर त्यांचे भागते. कॅम भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे गतीचा फायदाही निम्माच. अशा ठिकाणी तेलाची गादी फाटते आणि धातू धातूला भिडू पाहतो.

मग तेथे वाचवणारे कोण? पृष्ठभागाला चिकटून बसलेले, रेणूंच्या जाडीचे थर. विल्यम हार्डी यांनी १९२० नंतरच्या दशकात या सीमावर्ती वंगणाचा अभ्यास केला. वनस्पती तेलांतल्या स्निग्धाम्लांचे रेणू लांबोडके असतात. त्यांचे एक टोक धातूला चिकटते आणि शेपूट बाहेर राहते. पृष्ठभागावर जणू दाट गवत उगवते. एरंडेलाची ख्याती यामुळेच आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची ती गरगर फिरणारी रोटरी इंजिने एरंडेलावर चालत. तेथे आणखी एक सोय होती, एरंडेल पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. कॅस्ट्रॉल या प्रसिद्ध तेलाच्या नावातही कॅस्टर, म्हणजे एरंड, लपलेला आहे. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालणाऱ्या शेतकऱ्याला हार्डी वाचण्याची गरज पडली नव्हती.

पण एरंडेल उष्णतेने चिकट राळेसारखे होते, म्हणून आजच्या इंजिनात ते नको. कॅमसाठी आज वापरतात ते काळे मलम. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडची भुकटी असते. या पदार्थात मॉलिब्डेनमच्या अणूंचा एक थर गंधकाच्या दोन थरांमध्ये, पुरणपोळीतल्या पुरणासारखा, बसलेला असतो. पोळीच्या आतले बंध बळकट असतात, पण एका पोळीचे गंधक आणि दुसऱ्या पोळीचे गंधक यांच्यातले आकर्षण अगदी दुबळे असते. परिणाम असा की वरून कितीही दाबा, चळत चिरडत नाही. बाजूने ढकला, पोळ्या सहज सरकतात. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून तळहाताने दाबा आणि मग बाजूला सरकवा, तसेच हे. दिसायला हे खनिज शिशाच्या पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटसारखे असल्याने शतकानुशतके लोक दोन्ही एकच समजत. १७७८ मध्ये शेले यांनी ते वेगळे असल्याचे दाखवले. ग्रॅफाइटही थरांचेच आहे, परंतु त्याचा निसरडेपणा हवेतल्या बाष्पावर अवलंबून असतो. दुसऱ्या महायुद्धात फार उंच उडणाऱ्या विमानांतल्या जनित्रांचे ग्रॅफाइटचे ब्रश कोरड्या विरळ हवेत भराभर झिजू लागले, तेव्हा हे ध्यानात आले. मॉलिब्डेनम डायसल्फाइडला बाष्प लागत नाही.

दुसरा रक्षक इंजिन तेलातच असतो. झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट असे त्याचे लांबलचक नाव आहे. गॅरेजवाले त्याला नुसते 'झिंक' म्हणतात, वास्तविक खरे काम त्यातला फॉस्फरस आणि गंधक करतात. जेथे घासण्याने पृष्ठभाग तापतो, नेमका तेथे हा रेणू फुटतो आणि लोखंडावर फॉस्फेटची काचेसारखी पातळ साय धरतो. साय घासली गेली की नवी धरते. मात्र हाच फॉस्फरस सिलेन्सरच्या आधी बसवलेल्या धूर-शुद्धीकरणाच्या उत्प्रेरकाला निकामी करतो. म्हणून पेट्रोल मोटारींच्या तेलांतले त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने खाली आणले गेले. २००४ च्या मानकानंतर हलक्या प्रतींच्या तेलांत ते ०.०८ टक्क्यांच्या आत आले. आजच्या इंजिनांत कॅमवर बहुधा रूळ फिरतात, त्यांना एवढे पुरते. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनाला मात्र नवे, महागडे तेल नेहमीच मानवते असे नाही. निदान कॅम नवा असताना त्याला झिंक अधिक असलेले तेल आणि वर काळे मलम, दोन्ही हवीत.

माझी चूक

आता दुसऱ्या खेपेकडे येतो. पहिला धडा शिकलो होतोच. या वेळी मी काळ्या मलमाची मोठी नळी आणली आणि ती कॅमला, टॅपेटला लावून झाल्यावर पुष्कळ उरली. मिस्त्री जेवायला गेले होते. मी विचार केला, घर्षण कमी तितके चांगले. वर्गात वीस वर्षे हेच तर सांगत होतो! मी उरलेले मलम चारही सिलिंडरांच्या आतल्या भिंतींना आणि दट्ट्यांच्या कड्यांना बोटाने छान चोळले. मिस्त्री आले तेव्हा दट्टे आत गेलेले होते. मी काय केले ते मी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही.

इंजिन सुरेख लागले. लाल दिवा विझला. टकटक नाही. पण सिलेन्सरमधून निळसर धूर! आठ दिवस गेले, महिना गेला, दीड हजार किलोमीटर झाले, तरी धूर तसाच आणि तेलही भरपूर जळत होते. गल्लीतली मुले गाडी दिसली की नाक धरून पळत. शेवटी मी मिस्त्रींना खरे सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सर, रिंगा घासल्याबिगर बसत न्हाईत."

या एका वाक्याचा अर्थ नीट पाहू. सिलिंडर लेथवाल्याकडून बोअर होऊन येतो, तेव्हा त्याच्या भिंतीवर मुद्दाम तिरक्या रेघांची जाळी कोरलेली असते. याला होनिंग म्हणतात. बोटाने चाचपली तर ही जाळी कळते. तिच्या खोलगट भागांत तेल राहते, आणि तिची बारीक टोकदार शिखरे नव्या कडीला कानशीसारखी घासतात. कडी आणि भिंत, दोन्ही कारखान्यातून येतात तेव्हा एकमेकांना काही ठिकाणीच टेकतात. पहिल्या काही तासांत शिखरे झिजतात, कडीची उंच ठिकाणे झिजतात, आणि मग कडी सर्व बाजूंनी भिंतीला मिळून बसते. म्हणजे येथे झीज हवी आहे! बेताची, पण हवी. मी दऱ्या काळ्या भुकटीने भरून टाकल्या आणि शिखरांना तुपात घोळले. कड्या घासल्या गेल्या नाहीत. त्या नुसत्या घसरत राहिल्या, भिंती तकतकीत झाल्या आणि तेल वर चढून जळत राहिले.

सिलिंडरला त्यामुळे साधे इंजिन तेलच लावायचे, तेही हात फिरवला तर ओलसर लागेल एवढेच. त्याआधी भिंत साबण आणि कोमट पाण्याने ब्रश मारून धुवायची. हे वाचून दचकू नका. होनिंगच्या दगडाची कणी रॉकेलने पुसून निघत नाही, साबणाच्या पाण्याने निघते. पांढरे फडके फिरवल्यावर पांढरे राहिले पाहिजे. मग लगेच कोरडे करून तेल, नाहीतर ओल्या बिडावर पाहता पाहता गंज धरतो.

जेथे काहीच नको

बेअरिंगची पातळ वाटी ज्या खोबणीत बसते, ती खोबण आणि वाटीची पाठ अगदी कोरडी हवी. आतून तेल, पाठीला काही नाही. वाटी तेथे दाबाने घट्ट धरून राहते आणि आपली उष्णता त्या स्पर्शातूनच ठोकळ्याला देते. मध्ये तेलाचा पापुद्रा राहिला, तर उष्णता नीट जात नाही आणि वाटीची पकडही कमी होते. हेडचे गॅस्केटही बहुतेक इंजिनांत कोरडेच बसवतात.

आणि बोल्ट? येथे थोडे गणित करू. टॉर्क पान्याने आपण बोल्ट पिळतो ते पिळण्यासाठी नव्हे, ताणण्यासाठी. ताणलेला बोल्ट स्प्रिंगसारखा दोन भाग आवळून धरतो. पण आपण लावलेल्या टॉर्कपैकी सुमारे नव्वद टक्के घर्षणात जातो, निम्मा डोक्याखाली आणि बराचसा आट्यांमध्ये. ताणण्यासाठी उरतात दहा टक्के. टॉर्क म्हणजे एक गुणांक गुणिले व्यास गुणिले ताण, असे ढोबळ सूत्र आहे. कोरड्या पोलादाला हा गुणांक ०.२० च्या आसपास, तेल लावले तर ०.१५, मॉलिब्डेनमचे मलम लावले तर ०.१२ किंवा कमी. १० मिमी. व्यासाच्या बोल्टला ५० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर कोरड्या स्थितीत ताण येतो २५ किलोन्यूटन, तेलाने ३३, मलमाने जवळजवळ ४२. सामान्य चांगल्या प्रतीचा (८.८ या खुणेचा) असा बोल्ट सुमारे ३४ किलोन्यूटनपर्यंत सुरक्षित असतो. म्हणजे पाना तोच, आकडा तोच, आणि केवळ मलमाने बोल्ट स्थितिस्थापक मर्यादेपलीकडे ओढला जातो! माहितीपुस्तकात जो टॉर्क दिलेला असतो, तो कोरड्या आट्यांसाठी की तेल लावलेल्या, हे पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. अनुभवी माणसेही येथे फसतात.

तिसरी खेप

तिसऱ्या खेपेला कड्या नव्या आणल्या, भिंतींवर पुन्हा जाळी पाडून घेतली. बेअरिंगांना लाल चिकट वंगण, कॅमला आणि टॅपेटच्या तळव्यांना काळे मलम, सिलिंडरांना तेलाचा नुसता हात. नळी मिस्त्रींनी त्या दिवशी स्वतःच्या खिशात ठेवली होती. गाळणी बसवण्याआधी तिच्यात तेल भरले. मग स्पार्क प्लग काढून ठेवले, म्हणजे सिलिंडरांत दाब तयार होत नाही आणि बेअरिंगांवर भार येत नाही, आणि नुसत्या स्टार्टरने थांबून थांबून इंजिन फिरवत राहिलो. लाल दिवा विझेपर्यंत प्लग लावायचे नाहीत असे ठरले होते. पाचव्या की सहाव्या वेळेस तो विझला.

वडील ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. इंजिन लागताच मिस्त्रींनी ते मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर नेले आणि वीस मिनिटे तेथेच, थोडे वरखाली करत, धरून ठेवले. वडिलांना राहवेना. "अरे, नवीन इंजिन आहे, जरा हळू चालू द्या की!" त्यांना हे क्रौर्य वाटत होते. पण टॉवर यांचे बूच आठवा. हळू फिरणाऱ्या कॅमला पाचर मिळत नाही आणि मंद फिरणारा भुजादंड शिंतोडेही कमी उडवतो. नव्या कॅमला संथ चालच अधिक घातक असते. मी हे त्यांना मोठ्याने समजावू लागलो, पण आवाजात त्यांना काही ऐकू गेले नाही.

इंजिन निवल्यावर ते तेल लगेच काढून टाकले. मलमाच्या भुकटीने ते काळे झाले होते. पसरट भांड्यात ओतून त्यात चुंबक फिरवला, तर त्याला करड्या रंगाची बारीक लव चिकटून आली, बोटांत चोळली तर पिठासारखी. मिस्त्रींनी ती नखावर घेऊन उन्हात धरली. चकाकणारा एकही कपचा त्यात नव्हता. ती कड्यांची आणि सिलिंडरांची पहिली झीज होती. पुढच्या पाचशे किलोमीटरला पुन्हा तेल बदलले तेव्हा लव निम्म्याहून कमी होती, आणि धूर नव्हता.